ब्रिजचा आवाज कानात टोचतोय, पिकअप बदलू का?

प्रश्न: दादा, माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर) कॉपी इलेक्ट्रिक गिटार आहे, तारांचा आवाज पकडणारे तिन्ही पिकअप सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे). नेक (मानेजवळचं) आणि मिडल (मधलं) मस्त वाजतात पण ब्रिजवर (तारा टेकतात त्या टोकाजवळचं) टाकलं की एकदम पत्र्यासारखा पातळ आवाज, कानात टोचतो. मी रॉक वाजवतो, थोडं क्लीनही. मित्र म्हणतो सगळ्यात जास्त ओहमवालं घे. पैसे एकाच पिकअपपुरते आहेत. कुठलं घेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मित्रा, पैसे खर्च करायच्या आधी एक संध्याकाळ गिटारला दे. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉबच नसतो, एक टोन नेकला आणि दुसरा मिडलला, म्हणजे ब्रिजवर तू टोन कितीही फिरवलास तरी काही होत नाही आणि सगळी ट्रेबल (वरचे तीक्ष्ण सूर) तशीच अँपमध्ये जाते. तुझ्याकडेही तसंच असेल तर ५-वे (पाच जागांच्या) पिकअप स्विचवर टोनच्या बाजूला मिडलच्या टोकापासून ब्रिजच्या टोकापर्यंत वायरचा एक छोटा तुकडा सोल्डर केला की खालचा टोन ब्रिजलाही लागतो. खर्च जवळजवळ शून्य. मग तो टोन ७-८ वर ठेवून वाजवून बघ. माझं मत विचारशील तर निम्म्या लोकांची तक्रार इथेच मिटते.

दुसरं म्हणजे उंची. शेवटचा फ्रेट दाबून धर आणि तार ते पोल (पिकअपमधला तारेखालचा धातूचा खुंट) अंतर मोज, पातळ तारेकडे १.६ ते २ मिमी, जाड तारेकडे २ ते २.४ मिमी. ब्रिजजवळ तार मुळात कमी हलते, त्यामुळे तिथला आवाज बारीकच असतो, त्यात पिकअप खाली बसलेलं असेल तर बघायलाच नको.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर बदल, पण ओहमच्या आकड्यावर जाऊ नकोस, हे मी कळकळीने सांगतोय कारण मी स्वतः तसाच आकडा बघून एक सिरॅमिक चुंबकवालं घेतलं होतं आणि क्लीन आवाजातला सगळा जीव गेला, शेवटी जुनं परत लावलं. ओहम म्हणजे फक्त कॉइलमध्ये गुंडाळलेल्या तारेचा विद्युत रोध. ४२ गेजऐवजी ४३ गेजची बारीक तार गुंडाळली तर तेवढ्याच वेढ्यांना आकडा वाढतो. चुंबक कुठला, वेढे किती, कॉइलचा आकार कसा, यावर आवाज ठरतो. तुझं पिकअप उलटं करून बघ, मागे एक लांब पट्टी चिकटवलेली दिसली तर ते लोखंडी पोल आणि खाली सिरॅमिक चुंबक असं स्वस्तातलं काम आहे. चांगल्या सिंगल कॉइलमध्ये पोल स्वतःच अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात, त्या स्वस्तातल्या जागी असं लावलं तर बदल केल्याचा फरक खरंच जाणवतो.

तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. स्ट्रॅटपणा ठेवायचा असेल तर जास्त वेढ्यांचं सिंगल कॉइल, उदाहरणार्थ सेमूर डंकनचं एसएसएल-५, अल्निको ५ आणि साधारण १३ किलोओहम. मिड (मधले सूर) भरून येतात, क्लीनही टिकतं, पण हम (विजेची घूं) राहतो. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज आहे, गेन वाढवला की घूं ऐकू येणारच. दुसरा रस्ता म्हणजे सिंगलच्याच मापात बसणारा हंबकर (दोन कॉइलचं, हम मारणारं पिकअप), जसं डंकनचं हॉट रेल्स. हम गायब, डिस्टॉर्शन जाड, पण नेक-मिडलच्या मानाने आवाज इतका मोठा की स्विच फिरवला की दचकायला होतं, म्हणून ते थोडं खाली बसवावं लागतं. हंबकरला लोक ५०० के (किलोओहम)चे पॉट (नॉबखालचे बदलते रोधक) लावतात, पण तुझी तक्रारच तीक्ष्णपणाची आहे तर आहेत तेच २५० केचे राहू दे, ट्रेबल थोडी आपोआप कमी होते. रॉक आणि थोडं क्लीन म्हणतोयस म्हणून मी तुझ्या जागी असतो तर पहिला रस्ता धरला असता.

घ्यायच्या आधी पहिल्या आणि सहाव्या पोलमधलं अंतर मोज, स्ट्रॅटला ब्रिजवर साधारण ५२ मिमी असतं पण कॉप्यांमध्ये कमीजास्त असतं. रेल्सला सलग पट्टी असते, तिथे हा प्रश्नच नाही.

बसवताना जुन्या वायरिंगचा फोटो काढून ठेव. नंतर ब्रिज आणि मिडल एकत्र वाजव, आवाज आणखी पातळ आणि नाकातून आल्यासारखा वाटला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना कापतायत, सिंगल कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. रेल्सला मात्र ४ वायरी आणि एक उघडी शील्ड वायर असते, तिथे शील्ड ग्राउंडलाच ठेवायची आणि हिरवी-काळी बदलायची.