बारीक नियोजन फक्त व्हीएमसीचं करा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या शॉपमध्ये लेथ तीन, ड्रिलिंग दोन, व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मशीनिंग सेंटर) मात्र एकच. आठवड्याचं पत्रक एक्सेलवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या खान्यांत मांडता आणि मंगळवारी दुपारीच ते कोलमडतं. दहा मिनिटांचे खाने केले तर जमेल का, असं विचारलंय. नाही जमणार, आणखी लवकर कोलमडेल.

ड्रिलिंगवर जॉब सव्वादहाला लागला काय नि अकराला लागला काय, डिस्पॅचची तारीख हलत नाही. ड्रिलिंगला मोकळा वेळ आहे. व्हीएमसीचा गेलेला तास मात्र कुठूनच भरून निघत नाही. व्यवस्थापनावर लिहिणारे एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८० च्या दशकात हेच मांडलं: सगळ्या कामाचा वेग अडणारी जागा ठरवते, म्हणून वेळ तिथला बांधायचा आणि बाकीच्यांनी तिच्या चालीनं चालायचं. लेथवाल्याला फक्त क्रम सांगा, कुठला जॉब आधी आणि कुठला नंतर. मिनिटं तो बघून घेईल.

व्हीएमसीसुद्धा काठोकाठ भरू नका. जॉब अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त होत असेल, तर रांगेच्या साध्या गणितात मशीन ८० टक्के भरलेलं असताना जॉब सरासरी कामाच्या वेळेच्या चौपट थांबतो. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ ला एकोणीसपट. तुमच्याकडे आकडे तंतोतंत हेच येणार नाहीत, पण चढ असाच असतो. आठ तासांच्या दोन शिफ्ट, सहा दिवस म्हणजे ९६ तास. सेटिंग, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्याचा वेळ, धरून त्यातले ७५ ते ८० तासच वाटा. पत्रकात शंभर टक्के दिसले की मालकाला बरं वाटतं, तेवढाच त्याचा उपयोग.

आज-उद्याचं जॉबवार लिहा, आठवड्याच्या उरलेल्या दिवसांचा नुसता क्रम, आणि पुढच्या महिन्याचे फक्त एकूण तास. महिन्याचा अंदाज धरताना कॅलेंडर बघा. जुलैत खानापूरकडची पोरं भात लावणीला गावी जातात, आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक आपल्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या सकाळची शिफ्ट धरूच नका.

तुमच्या पत्रकात मला सेटर, म्हणजे सेटिंग करणारा माणूस, कुठेच दिसला नाही. लेथ आणि व्हीएमसीचं सेटिंग तोच करत असेल, तर अडणारी जागा मशीनएवढीच तो माणूसही आहे. मंगळवारचा घोळ बहुधा तिथलाच असणार: दोन्ही मशीनं एकाच वेळी त्याची वाट बघत उभी. व्हीएमसीच्या ओळीखाली त्याची एक ओळ घाला आणि लेथचं सेटिंग त्याच्या रिकाम्या वेळेत ढकला.

फौंड्रीतून कास्टिंग आलेलं नसेल, फिक्श्चर (जॉब मशीनवर पकडून ठेवणारी चौकट) दुसऱ्या जॉबवर अडकलं असेल किंवा टूल हातात नसेल, तर तो जॉब व्हीएमसीच्या पत्रकात घेऊ नका. "संध्याकाळी पाठवतो" हा फोन म्हणजे माल नव्हे. असे जॉब वेगळ्या पानावर ठेवा आणि सगळं जागेवर आलं की मगच तारीख द्या.