ज्युपिटर नोटबुक की पॉवर बीआय: विक्रीच्या डेटासाठी काय वापरावं?

विक्रीचा डेटा हाताशी आहे, पायथन येतं, मग ज्युपिटर नोटबुक (कोड तुकड्यातुकड्यांनी लिहून निकाल तिथेच बघायचं साधन) वापरू की पॉवर बीआय (आकडे डॅशबोर्डवर, म्हणजे एकाच पानावर तक्ते-आलेखांत दाखवणारं साधन), असं तुम्ही विचारलंय. आधी बघा, आकडे कोण वाचणार आहे. व्यवस्थापकांना तेच आकडे रोज विभागानुसार फिल्टर लावून हवे असतील तर सरळ पॉवर बीआय किंवा त्याच्यासारखंच टॅब्लो घ्या. ठरल्या वेळी डेटा आपोआप ताजा होतो, कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हेही ठरवता येतं. नोटबुकमध्ये हे सगळं स्वतः उभं करत बसावं लागतं.

पण 'परत येणारे ग्राहक अचानक का घटले?' असा प्रश्न असेल तर नोटबुकच. पांडाजमध्ये (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) टेबलं जोडा, विचित्र नोंदी तपासा, मॉडेल लावून बघा. प्रत्येक पायरी कोडमध्ये लिहिलेली राहते. एक मात्र सांभाळा. सेल, म्हणजे नोटबुकमधले कोडचे तुकडे, मागेपुढे चालवले की गोंधळ होतो. सेल पुसून टाकला तरी त्यातलं व्हेरिएबल मेमरीत तसंच राहतं आणि आकडा गुपचूप चुकतो. म्हणून कोणालाही निष्कर्ष देण्याआधी कर्नल (नोटबुकमागे कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवाच.

तुमच्या जागी मी नोटबुकनेच सुरुवात केली असती. लोक जे आकडे पुन्हा पुन्हा मागतील, तेवढेच नंतर डॅशबोर्डवर न्या.