स्टार्ड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये स्टर्जन मासा कुठे मिळतो आणि तो वाढवायचा कसा?

भाऊ, डोंगरावरच्या तळ्यात गळ टाका, फक्त उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात, सकाळी 6 ते संध्याकाळी 7. नागपूरसारखं सूर्य कलल्यावर फुटाळा तलावावर जायची सवय इथे चालत नाही. इरिडियम रॉड (गेममधला भारी गळ) असेल तर त्याला ट्रॅप बॉबर हे जोडसाधन लावाच, मासा पट्टीबाहेर गेला तरी पकडीचा मीटर हळू उतरतो.

पहिला स्टर्जन विकू नका. गेममधल्या सुतारीण रॉबिनकडून फिश पाँड (मासे पाळायचं तळं) बांधून घ्या: 5000 सोनं, 200 दगड, 5 समुद्रशेवाळ, 5 हिरवं शेवाळ. एकच मासा सोडला तरी जागा असेल तोवर संख्या आपोआप वाढते. पण तो चक्क हिरा मागतो. द्या, कारण त्याशिवाय पाँडची क्षमता वाढत नाही. खरी कमाई पाँडमधून मिळणाऱ्या अंड्यांची: ती प्रिझर्व्ह्ज जारमध्ये (मुरवायच्या बरणीत) टाकली की कॅव्हियार, म्हणजे मुरवलेली अंडी, होतो, मूळ किंमत 500 सोनं.