शाळा नऊ किलोमीटरवर आणि एव्हरेस्टही जवळपास तेवढाच, मग तो इतका उंच कसा?

तुमचा हिशेब बरोबर आहे. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर, म्हणजे नऊ किलोमीटरला थोडा कमी. तेवढं अंतर तुम्ही रोज सायकलनं कापता, मग त्याचं एवढं कौतुक कशाला, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. किलोमीटर आडवा असो की उभा, लांबी तीच. फरक पडतो तो वर गेल्यावर.

आपल्या इकडचंच घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याहून चिखलदऱ्याचा रस्ता तीसेक किलोमीटरचा. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा १,११८ मीटर. एवढा घाट चढूनही आपण वर गेलो जेमतेम पाऊण किलोमीटर! पण तेवढ्यानंही हवा बदलते. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून चिखलदऱ्याला चार-पाच अंशांचा फरक पडतो. खाली संत्रा आणि कापूस, वर कॉफी. तेच तीस किलोमीटर अमरावतीच्या दिशेनं गेलात तर ऊन तेच आणि वावरातली पिकंही तीच.

आणखी वर, साडेपाच किलोमीटरवर पोचलात की वातावरणातली निम्मी हवा तुमच्या पायाखाली राहते. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण एक तृतीयांश. राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर; अशा पाच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी एव्हरेस्टला सहाशे मीटर कमीच पडतात.

आता पृथ्वीच्या मानानं बघा. शाळेच्या पटांगणात खडूनं सव्वा मीटर व्यासाचं वर्तुळ काढा. ती पृथ्वी धरली तर एक मिलिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. त्यात एव्हरेस्टची उंची मिलिमीटरभरही नाही, खडूची रेघच त्याहून जाड. पॅसिफिक महासागरातली मारियाना गर्ता जवळपास अकरा किलोमीटर खोल, तीही रेघेतच बुडाली. पुस्तकांतल्या छेदचित्रांत हिमालय करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, कारण तिथे उभं प्रमाण मुद्दाम कितीतरी पट वाढवलेलं असतं. प्रमाण एकच ठेवून मुलांकडून एकदा तरी चित्र काढून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. लोणारचं विवरच काढा: रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर. किलोमीटरला दहा सेंटीमीटर धरले तर १८ सेंटीमीटर रुंद आणि फक्त दीड सेंटीमीटर खोल.

आडवं अंतर आणि उंची यांचं नातं तर याहून जवळचं आहे. एव्हरेस्टची उंची निघाली तीच मुळी जमिनीवरच्या अंतरांवरून. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकानं मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची एक सरळ रेषा साखळीनं मोजली. एक बाजू आणि कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानं निघतात. असे त्रिकोण जोडत जोडत मोजणी उत्तरेकडे सरकली. ती आपल्या भागात पोचली तेव्हा, १८२३ साली, लॅम्बटन हिंगणघाटला वारला. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. शिखराला नाव त्याचंच. दीडशे किलोमीटरहून लांब मैदानात उभं राहून शिखराचे कोन मोजले गेले आणि १८५२ मध्ये याच सर्वेक्षणातले गणिती राधानाथ सिकदार यांनी आकडेमोड करून हेच सर्वांत उंच शिखर असल्याचं दाखवलं. १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट. आजच्या मोजमापाशी फरक अवघा नऊ मीटरचा, आणि तोही शिखरावर कुणी पाऊल ठेवण्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी!

तुम्ही वर्धा जिल्ह्याकडचे असाल तर लॅम्बटनची कबर हिंगणघाटलाच आहे. वर्गातल्या पोरांना घेऊन जरूर जाऊन या.