विजयदुर्गला उतरणार असाल तर

मुंबईहून गोव्याकडे दोघंच शिडाच्या बोटीने निघालाय, तर पाय मोकळे करायचा दिवस विजयदुर्गला ठेवा. वाघोटण खाडीत आत वळलात की लाट बरीच मोडते.

नांगर टाकला की लगेच डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत, उड्या मारू नका. आधी चहा करा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचं घर एका ओळीत धरून बघत बसा. ती ओळ सुटतच राहिली तर नांगर घसरतोय, पुन्हा टाका. मच्छीमारांच्या येण्याजाण्याच्या वाटेत तर मुळीच थांबू नका. डिंगी भरतीच्या खुणेच्या वर ओढा आणि तरीही दोरीने बांधा. ओहोटीला उतरणाऱ्यांना पाणी परत येतं याचा हमखास विसर पडतो.

किल्ला सकाळीच बघा, उन्हात काळा दगड भाजून काढतो. तिहेरी तटबंदी सावकाश फिरा. १७५६ मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जाळलं. बुरुजावरून खाडी बघितली की गलबतं कशी कोंडली गेली असतील ते कळतं. किल्ल्यात शिरण्याआधी गावात जेवण सांगून ठेवा, ऐनवेळी ताजी मासळी मिळेलच असं नाही. दुपारी रिक्षाने गिर्ये गाठा, तिथलं रामेश्वराचं देऊळ आणि आंग्रेकालीन गोदी चुकवू नका. मला विचाराल तर किल्ल्याइतकीच गोदी मोलाची आहे, पण तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

सूर्यास्त मात्र बोटीवरूनच बघा. अंधारात डिंगीने परतताना पाण्यातली जाळी दिसत नाहीत.