होलाशोव्हित्से: अर्ध्या तासात गाव बघून होतं, पण कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा होता: प्रागहून चेस्की क्रुमलोव्हला जाताना वाटेत चेकियातलं होलाशोव्हित्से हे छोटं गाव घ्यावं का? तिथे घरांशिवाय काही नाही असं ऐकलंय, मग जागतिक वारशाच्या यादीत ते का आहे? आणि गाडी नसेल तर कसं जायचं?

घ्यावं, नक्की घ्यावं. पण अर्ध्या तासाचा थांबा म्हणून नको, निदान दोन ते अडीच तास हातात ठेवा. इथे किल्ला नाही, राजवाडा नाही, मोठं चर्चही नाही. गाव हेच बघायचं आहे. मधे लांबट हिरवं मैदान, अंदाजे २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, त्याच्या कडेने समोरासमोर शेतकऱ्यांची २३ घरं. मैदानात एक तळं, १७५५ सालचं संत यान नेपोमुत्स्कीचं छोटंसं चॅपेल आणि लोहाराची जुनी भट्टी. माहिती नसेल तर चक्कर मारून वीस मिनिटांत माणूस गाडीत परत बसतो. म्हणून आधी इतिहास सांगतो, कारण तो कळल्याशिवाय या भिंती बोलत नाहीत.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ सालचा. १२९२ मध्ये बोहेमियाचा (आजच्या चेकियाच्या पश्चिम भागाचा) राजा दुसरा व्हात्स्लाव्ह याने हे गाव व्हिश्शी ब्रोद इथल्या सिस्टर्शियन पंथाच्या कॅथलिक साधूंच्या मठाला दिलं आणि १८४८ पर्यंत ते मठाच्याच ताब्यात राहिलं. साडेपाचशे वर्षं एकच मालक. १५२० ते १५२५ च्या दरम्यान प्लेगने गाव जवळजवळ पुसलं गेलं, फक्त दोन माणसं उरली असं नोंदी सांगतात. त्या साथीची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ गावात आहे, तो चुकवू नका. मठाने मग बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुटुंबं आणून गाव पुन्हा वसवलं. म्हणून चेक प्रदेशातलं हे गाव पुढची चार शतकं मुख्यतः जर्मन बोलणारं होतं. १८९५ मध्ये इथे १५७ जर्मन आणि १९ चेक लोक राहत होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. माणसं बदलली, भाषा बदलली, पण जमिनीची आखणी बदलली नाही. मैदान, त्याभोवती घरं, प्रत्येक घरामागे अंगण, त्यामागे खळ्याचं कोठार, मग परसबाग आणि पुढे शेताची लांब पट्टी. ही तेराव्या शतकातली मांडणी आजही जागच्या जागी आहे. युनेस्कोने १९९८ मध्ये गाव यादीत घेतलं ते या दोन गोष्टी एकत्र टिकल्या म्हणून: मध्ययुगीन आखणी आणि तिच्यावर उभी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली घरं. फक्त सुंदर घरं दक्षिण बोहेमियात इतरत्रही आहेत.

आता घरांकडे वळू. या शैलीला तिकडे ‘सेल्स्के बारोको’ म्हणजे शेतकऱ्यांचं बरोक म्हणतात. बरोक ही सतराव्या-अठराव्या शतकातली युरोपातली भरपूर नक्षीची, वळणदार बांधकामशैली. बरोक शैली शहरांत आणि मठांत संपून गेल्यावर कित्येक दशकांनी ती खेड्यात अशी फुलली. त्याला कारण आहे. तेव्हाचा हॅब्सबर्ग सम्राट दुसरा योसेफ याने १७८१ मध्ये शेतकऱ्यांवरचं गुलामीवजा बंधन उठवलं, १८४८ मध्ये वेठबिगारही संपली. शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. लाकडी घरांना आगीची भीती होतीच, ती पाडून विटांची घरं आली. बांधणारे गवंडी आसपासच्याच गावांतले. त्यांनी चर्चच्या आणि मठाच्या दर्शनी भिंतींवर जे पाहिलं होतं तेच चुन्याच्या गिलाव्यात घडवलं, आणि त्यात पुढच्या काळाची नक्षीही मनाला येईल तशी मिसळली. म्हणून एकाच भिंतीवर तीन काळांच्या खुणा दिसतात. हे कारागिरांचं अज्ञान नव्हे, त्यांच्या हातचं स्वातंत्र्य आहे, आणि या गावातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला तीच वाटते.

प्रत्यक्ष बघताना एक घर निवडा आणि मैदानाच्या मध्यावरून त्याच्याकडे पाहा. बहुतेक घरांना मैदानाच्या बाजूला दोन त्रिकोणी दर्शनी भिंती असतात आणि त्यांना जोडणारी कमानीची भिंत. कमानीत बैलगाडी जाईल एवढा मोठा दरवाजा, शेजारी माणसापुरती दिंडी. दोन्हींपैकी एक बाजू राहत्या घराची. दुसरीकडे धान्याचं कोठार, किंवा शेत मुलाच्या नावावर करून दिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांचं बिऱ्हाड. खिडक्यांवरून ओळखता येतं: राहत्या भागाच्या खिडक्या मोठ्या आणि नक्षीच्या चौकटीच्या, कोठाराच्या अगदी लहान, हवा खेळण्यापुरत्या. मागे अंगणाच्या एका अंगाला गोठा आणि शेवटी खळ्याचं कोठार आडवं, म्हणजे अंगण चारही बाजूंनी बंद.

मग नजर वर न्या. त्रिकोणाची कड सरळ नसते, ती वळसे घेत वर जाते. तिच्या आत गिलाव्यात उठवलेल्या वेली, तारे, गोल वळसे, कुठे कोनाडा. साल लिहिलेलं असेल तर ते बहुतेक इथेच असतं. मैदानाभोवती फिरून ही सालं वाचत जा. एकोणिसाव्या शतकातली किती आहेत ते दिसेल आणि गाव कोणत्या पिढीत श्रीमंत झालं हे पुस्तकाशिवाय समजेल. नक्षी उठावाची असल्याने तिरप्या उन्हात ती सुटून दिसते, भर दुपारी सपाट वाटते. समोरासमोरच्या दोन्ही रांगांना चांगलं ऊन एकाच वेळी मिळत नाही, म्हणून फोटोंसाठी एक फेरी आल्याबरोबर आणि एक निघताना मारा.

हे सगळं टिकलं कसं, हा प्रश्न पडायलाच हवा, आणि त्याचं उत्तर सुखाचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५-४६ मध्ये, चेकोस्लोव्हाकियातून जर्मन लोकांना घालवून देण्यात आलं. इथली बरीच घरं ओस पडली. ज्या गावांत वस्ती आणि पैसा राहिला तिथे लोकांनी खिडक्या रुंद केल्या, नक्षी खरवडून सिमेंट फासलं, मधेच नवीन घर घुसवलं. इथे ते करायला कुणी नव्हतं. म्हणजे ज्या दुर्लक्षाने घरं जीर्ण झाली त्याच दुर्लक्षाने ती वाचली. १९९० नंतर दुरुस्ती सुरू झाली, लोक परत राहायला आले, १९९५ मध्ये गाव संरक्षित जाहीर झालं. आज वस्ती दीडशेच्या आतबाहेर आहे. रंगवलेल्या भिंती बघून ‘किती जपलंय’ म्हणताना घालवून दिलेल्या त्या कुटुंबांनाही मोजायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता जाण्याबद्दल. प्रागच्या मुख्य स्थानकावरून चेस्के बुद्येयोव्हित्से या शहराला थेट गाड्या आहेत, दोन तास ते सव्वादोन तास लागतात. होलाशोव्हित्से तिथून पश्चिमेला साधारण १५ ते १८ किलोमीटर. बुद्येयोव्हित्सेचं बसस्थानक रेल्वे स्थानकासमोरच आहे, पण ते मर्क्युरी सेंटर नावाच्या मॉलच्या गच्चीवर. नवखा माणूस खाली रस्त्यावर शोधत राहतो आणि बस चुकते. मॉलमध्ये शिरून सरळ वर जा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो परतीच्या बसचा. कामाच्या दिवशी बस बऱ्यापैकी असतात, शनिवार-रविवारी आणि सुटीला अगदी मोजक्या. ‘इदोस’ या चेक वेळापत्रकाच्या ॲपवर जाण्याची आणि येण्याची, दोन्ही बस त्याच तारखेसाठी आदल्या रात्री बघून ठेवा. गाडी असेल तर क्रुमलोव्हहून अर्ध्या तासाचा रस्ता आहे, आणि मग क्रुमलोव्हला जाताना वाटेतच हे गाव घेणं सोपं. खोरं सपाट असल्याने बुद्येयोव्हित्सेहून सायकलनेही आरामात होतं.

एप्रिल ते सप्टेंबर हा काळ चांगला. हिवाळ्यात गाव सुंदरच दिसतं, पण माहिती केंद्र आणि शेतकरी जीवनाचं छोटं संग्रहालय बंद सापडण्याची शक्यता मोठी, सोमवारीही तेच. जुलैच्या शेवटाला इथे शेतकऱ्यांची जत्रा भरते. कारागीर, वाद्यं, खाणं, सगळं असतं, पण मैदान दुकानांनी झाकलं जातं. घरं बघायची असतील तर तो शनिवार-रविवार टाळा, जत्रा बघायची असेल तर मुद्दाम त्याच वेळी जा. एकाच दिवशी दोन्ही होत नाही.

दिंडी उघडी दिसली म्हणून आत शिरू नका. ही लोकांची राहती घरं आहेत. अंगण बघायचं असेल तर संग्रहालयाचं किंवा खानावळीचं बघा, मांडणी तीच आहे.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर बटाटा, मशरूम, शेपू आणि साय घातलेलं ‘कुलायदा’ सूप या भागाचं खास आहे. अंड्याचं आणि मांसाच्या स्टॉकचं मात्र आधी विचारून घ्या. तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, बहुतेक ठिकाणी मिळतं. युरोवर विसंबू नका, थोड्या कोरुना (चेक चलन) रोख ठेवा.

गावाबाहेर उभ्या दगडांचं एक वर्तुळ आहे, त्याला लोक होलाशोव्हित्सेचं स्टोनहेंज म्हणतात. ते २००८ मधलं आहे, प्राचीन नाही. मुलं बरोबर असतील तर जा, नाहीतर तो वेळ गावातल्या मैदानातच द्या.

आणि गाडी असून अर्धा दिवस मोकळा असेल तर क्रुमलोव्हऐवजी एकदा प्लास्तोव्हित्सेचा विचार करा. बुद्येयोव्हित्सेच्या वायव्येला, तळ्यांच्या आणि पाणथळ कुरणांच्या भागात हे गाव आहे. तिथेही याच शैलीची घरं आहेत, युनेस्कोची पाटी नसल्याने गर्दी नाही. होलाशोव्हित्सेला आधी जा आणि प्लास्तोव्हित्सेला नंतर. तोवर सालं, खिडक्या आणि दिंड्या वाचायची सवय झालेली असते, मग तिथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.