खरेदीआधी कॅमेरा उन्हात नेऊन बघा

संक्रांत जवळ आली की कॅमेऱ्याबद्दल विचारणाऱ्यांची संख्या वाढते. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, उजनीच्या फुगवट्यावर उतरलेले पाहुणे पक्षी, शाळांच्या सहली, सगळं एकदमच येतं. यावेळच्या प्रश्नांतले सहा इथे घेतले आहेत. किमती सतत हलतात, त्यामुळे त्यांचे आकडे देत नाही. काय बघून घ्यायचं, तेवढं सांगतो.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. घरातले, बागेतले, सहलीतले फोटो काढायचे आहेत. फोन चांगला आहे, पण झूम केलं की फोटो चिखल होतो. पन्नास-साठ हजारांत कॅमेरा घ्यावा की तेवढ्यात नवा फोनच घ्यावा? (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

दिवसाउजेडी, हाताच्या अंतरावरचा फोटो तुमचा फोन आजही उत्तम काढतो. नुसतं तेवढंच हवं असेल तर पैसे खर्चू नका. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत, जिथे कॅमेऱ्याला पर्याय नाही : लांबचं जवळ आणणं आणि घरात धावणारं मूल.

ट्यूबलाइटखाली पळणाऱ्या मुलीचा चेहरा हलू नये म्हणून शटर उघडं राहण्याचा वेळ १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवावा लागतो. एवढ्या थोड्या वेळात येईल तेवढ्याच प्रकाशात काम भागवायचं असतं. इथे सेन्सरचा, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार महत्त्वाचा ठरतो. खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत बहुधा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो. लेन्स बदलता येणाऱ्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत तो साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर असतो. याला एपीएस-सी म्हणतात. क्षेत्रफळ बारा-तेरा पट. मेगापिक्सेल दोन्हींचे सारखे लिहिलेले असले तरी अंधारातल्या फोटोत फरक लगेच दिसतो. म्हणून तुम्ही एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्या. सोबत येणारी किट लेन्स सहलीला पुरते. घरासाठी पुढेमागे एफ/१.८ची एक साधी ५० मिलिमीटर लेन्स जोडा (एफखालचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६च्या आसपास जाते. तिच्यापेक्षा ही लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. मुलांचे फोटो काढणाऱ्याला एवढा फायदा देणारी दुसरी खरेदी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असलेलाच कॅमेरा घ्या. व्हिडिओ करणाऱ्यांना समोर ठेवून काढलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती नसते. निकॉन झेड ३० आणि सोनी झेडव्ही-ई१० ही त्यातलीच नावं. कॅमेरे म्हणून ते चांगले आहेत. पण सोलापूरच्या उन्हात दुपारी मागचा पडदा काळा पाटा होतो आणि आपण अंदाजाने बटण दाबत राहतो. कॅनन आर ५० आणि आर १०० यांना खिडकी आहे. या दोघांत आर ५० घ्या, कारण त्याचा पडदा बाहेर काढून फिरवता येतो आणि त्याला स्पर्शही कळतो. आर १००चा पडदा जागेवर पक्का असतो. जमिनीवर बसलेल्या मुलीचा फोटो तिच्या नजरेच्या उंचीवरून घ्यायचा तर पडदा वर वळवता आला पाहिजे, नाहीतर दरवेळी फरशीवर आडवं व्हावं लागतं.

दुकानात गेलात की कॅमेरा मागून घेऊन दाराबाहेर या. नवी पेठेत भर दुपारी पडदा कसा दिसतो आणि खिडकीतून कसं दिसतं, हे दोन मिनिटांत कळतं. दुकानाच्या दिव्याखाली सगळेच पडदे छान दिसतात.

प्रश्न : नान्नज आणि हिप्परगा तलावावर पक्षी बघायला जातो. एका मित्राकडे १२५ पट झूमचा कॅमेरा आहे, चंद्रावरचे खड्डे दिसतात. मीही तोच घेऊ का? (एक वाचक, बाळे)

मित्राचा कॅमेरा बहुतेक निकॉन पी १००० असावा. २४ ते ३००० मिलिमीटरइतका पल्ला (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ), तो एकाच लेन्समध्ये. चंद्रासाठी तो खरोखर विलक्षण आहे, कारण चंद्र उजळ असतो आणि झेपावत नाही. पक्ष्यांचं गणित वेगळं आहे, ते सविस्तर मांडतो.

लख्ख उन्हात, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० वर, एफ/१६ला साधारण १/१०० शटर लागतं. हा जुना ठोकताळा आजही चालतो. या कॅमेऱ्याची लेन्स पूर्ण लांब केली की एफ/८ वर जाते. म्हणजे भर उन्हातही १/४०० मिळतं. उडत्या पक्ष्याला १/१६०० हवं, तर आयएसओ ४०० करावा लागतो. पण माळावर जायची वेळ सकाळची. तेव्हा प्रकाश भर उन्हाच्या चौथाई किंवा त्याहून कमी असतो. आयएसओ मग १६०० ते ३२०० वर जातो आणि ६.२ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर पिसांची रेघ न् रेघ पुसली जाते. शिवाय त्याचं वजन साधारण १४०० ग्रॅम.

त्याऐवजी एपीएस-सी मिररलेस आणि १००-४०० मिलिमीटरची हलकी लेन्स विचारात घ्या. कॅननची आरएफ १००-४०० सुमारे ६३५ ग्रॅमची आहे. तीही लांब टोकाला एफ/८च आहे, हे लपवत नाही; पण मागे सेन्सर बारा पट मोठा असल्यामुळे तोच आयएसओ सुसह्य होतो. कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर पल्ला १.६ पट धरायचा, म्हणून ती ६४० मिलिमीटरइतकं जवळ आणते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतला मधला भाग अर्ध्या रुंदीचा, अर्ध्या उंचीचा कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात. मोबाइलवर पाठवायला आणि आठ बाय दहा इंची छापायलाही ते पुरतात. असं कापणं म्हणजे १२८० मिलिमीटरचा पल्लाच झाला. खर्च जास्त येईल, हे खरं. तेवढा जमत नसेल तर मित्रासारखा कॅमेरा घ्या, पण तो पाणवठ्यावर स्थिर बसलेल्या पक्ष्यांसाठी वापरा.

आता जी गोष्ट कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. नान्नजच्या माळावर ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापते. गरम आणि थंड हवेचे थर प्रकाश वेगवेगळा वाकवतात. मृगजळ यामुळेच दिसतं, आणि लांबच्या काळविटाची कडा फोटोत थरथरलेली येते तीही यामुळेच. लोक म्हणतात, फोकस चुकला, लेन्स खराब आहे. लेन्स ठणठणीत असते. मधली हवा हललेली असते आणि कितीही महागडी लेन्स लावली तरी ती सरळ होत नाही. जितका झूम जास्त, तितका हा दोष मोठा. उजाडताना पोहोचा, ऊन तापायच्या आत मोठं काम उरका. हिवाळ्यात ही मुदत लांबते आणि भोवत्यासारखे शिकारी पक्षीही त्याच काळात माळावर असतात. गाडीतून फोटो घेत असाल तर इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली घ्या आणि खिडकीच्या कडेवर सोलापुरी चादर घडी करून ठेवा. तिच्यावर टेकवलेली लांब लेन्स हातातल्यापेक्षा कितीतरी स्थिर राहते.

एक विनंती. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं आणि आज तो पक्षी दिसणं अतिशय दुर्मिळ झालं आहे. वनखात्याच्या परवानगीनेच आत जा, वाट सोडू नका, घरट्याच्या जवळ जाऊ नका. पक्षी उडवून काढलेला फोटो मला पाठवू नका, मी त्यावर काहीच सांगणार नाही.

प्रश्न : चुलतभावाकडचा जुना डीएसएलआर, १८-५५ आणि ५५-२५० लेन्ससह, स्वस्तात मिळतोय. आता डीएसएलआर घेणं म्हणजे पैसे वाया का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रोड)

मुळीच नाही. नव्या डीएसएलआर (आतल्या आरशावरून खिडकीत दृश्य दाखवणारे कॅमेरे) आता जवळपास निघत नाहीत, पण शिकायला त्या अजून उत्तम आहेत. बॅटरी मिररलेसपेक्षा बराच जास्त वेळ चालते आणि खिडकीतून प्रत्यक्ष दृश्य दिसतं. भावाचा कॅमेरा कॅननचा असेल तर ५५-२५०चा पल्ला ८८ ते ४०० मिलिमीटरइतका होतो. सुरुवातीला पक्ष्यांसाठी एवढं खूप झालं. पुढे मिररलेस घेतलात तर अ‍ॅडाप्टर लावून याच लेन्स वापरता येतील. निकॉनचा असेल तर आत मोटर नसलेल्या जुन्या लेन्स निकॉनच्या नेहमीच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरवर आपोआप फोकस करत नाहीत, हे लक्षात ठेवा.

घ्यायच्या आधी घरीच तपासा. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, फक्त तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून समोरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील तर ती बुरशी आहे, ती लेन्स घेऊ नका. बॅटरी फुगलेली नाही ना, हेही बघा. भावाला बिल शोधायला सांगा.

प्रश्न : गेल्या गड्ड्यात नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढले. काहींत बाराबंदी राखाडी आली, काहींत पांढरा नुसता डाग. कॅमेरा बदलावा का? (एक छायाचित्रप्रेमी, साखर पेठ)

कॅमेरा बदलू नका. दोष त्याच्या मोजमापाच्या पद्धतीत आहे आणि तो सगळ्याच कॅमेऱ्यांत असतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं कॅमेरा धरून चालतो. चौकटभर पांढरे बाराबंदी घातलेले मानकरी असले की तो सगळं करडं करायला बघतो, म्हणून तुमचे पांढरे कपडे राखाडी झाले. अशा वेळी एक्स्पोजरची भरपाई अधिक करा, +०.७ ते +१. पण चौकटीत सावलीतली गर्दी, गडद भिंती जास्त आणि एकच मानकरी उन्हात, असं असेल तर तो गर्दी उजळवायच्या नादात पांढरा रंग जाळतो. तिथे उलट, -०.७ करा. बटणावर अधिक-उण्याची खूण असते, तीच ही सोय. जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना मेन्यूतून चालू ठेवा आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली मूळ कच्ची माहिती, साठवा. थोडं चुकलं तर घरी सावरता येतं.

संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याच्या गर्दीत कॅमेरा डोळ्याला लावायला जागा मिळत नाही. तिथे फिरणारा पडदा खाली वळवून हात वर करून फोटो घ्या. नंदीध्वज उंच असतात. चौकट उभी धरा आणि वर थोडं आकाश सोडा, नाहीतर टोक कापलं जातं.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूसाठी ट्रायपॉड न्या. आयएसओ १००, एफ/८ ते ११, शटर दोन ते पाच सेकंद, फोकस हाताने लांबवर लावून तिथेच ठेवा. वारा तुमच्या पाठीकडून येईल अशी जागा पकडा, म्हणजे धूर पुढे निघून जातो. पहिल्या काही आतषबाजीतच आकाश स्वच्छ असतं, तेव्हा तयार राहा.

प्रश्न : मोटारसायकलवरून गडकिल्ले करतो, आषाढीला पंढरपूरला पायी जातो. धूळ, पाऊस, उन्हाळा, सगळं सोसणारा कॅमेरा कोणता? (एक वाचक, मोहोळ)

पाण्यात चालणारे कॅमेरे आहेत. ओएम सिस्टिमचा टीजी-७ पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो, दोन मीटरवरून पडला तरी टिकतो आणि एक सेंटिमीटरवरून फूल, किडा टिपतो. पण सेन्सर छोटाच आणि खिडकी नाही. वारीच्या पावसात, चिखलात मी त्याची शिफारस करीन. गडावरच्या पहाटेसाठी नाही. गडांचं प्रेम जास्त असेल तर साधा एपीएस-सी घ्या, पिशवीत जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबर ठेवा, लेन्स उघड्यावर बदलू नका.

पावसापेक्षा आपल्याकडे उष्णता जास्त छळते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंश सेल्सियसपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात सोलापूर ते सहज ओलांडतं. बंद गाडीत किंवा टाकीवरच्या बॅगेत कॅमेरा ठेवू नका. उन्हात थांबावं लागलं तर त्यावर पांढरा सुती पंचा टाका. टर्किश टॉवेल मात्र नको, त्याचे तंतू लेन्सला आणि सेन्सरला चिकटतात. धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. रबरी ब्लोअर मिळतो, तो घ्या. पुसायचं फडकं शेवटी, आधी धूळ उडवून.

प्रश्न : निवृत्त आहे, चष्मा आहे. खिडकीतून अंधुक दिसतं. आणि दुकानदार कॅमेऱ्यासोबत फिल्टर, कार्ड, बॅग असा संच घ्या म्हणतो. घ्यावा का? (एक ज्येष्ठ वाचक, रेल्वे लाइन्स)

काका, खिडकीशेजारी एक छोटं चाक किंवा सरकपट्टी असते. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवा. दृश्याकडे नव्हे, आकड्यांकडे बघत. चष्मा लावून बघणार असाल तर चष्मा लावूनच जुळवा.

संचातला फिल्टर आणि बॅग सोडा. कार्ड वेगळं, चांगल्या कंपनीचं, व्ही ३० लिहिलेलं घ्या. ते सेकंदाला निदान ३० एमबी लिहितं. १२८ जीबीच्या एका कार्डाऐवजी ६४ची दोन घ्या. वाचलेल्या पैशात जादा बॅटरी येते, मिररलेसला ती लागतेच. बिलावर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा, दोन्ही क्रमांक लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे का, ते पैसे देण्याआधी विचारा.